जुनी घंटाघरं आणि त्यांचं संरक्षण: नाशिककर पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

रविवारी सकाळी आम्ही काही जण गोदाघाटावर लोकांना जुन्या वास्तू दाखवत फिरतो. रामकुंडापासून निघालेली मंडळी नारोशंकराच्या देवळाच्या तटाखाली आली की सगळ्यांच्या माना वर होतात आणि प्रश्न सुरू होतात. घरी गेल्यावर त्यातलेच प्रश्न फोनवर येतात. जिल्ह्यातल्या गावांमधून, वाड्यांमधून, देवस्थानांच्या विश्वस्तांकडूनही येतात. तेच इथे एकत्र केले आहेत. कायद्याचं सांगितलं आहे ते दिशा कळावी म्हणून. तुमच्या वास्तूचा निर्णय तिचे कागद हातात घेऊनच करा.

1. घंटाघर म्हणजे नेमकं काय? देवळात टांगलेली प्रत्येक घंटा त्यात येते का?

नाही. सभामंडपाच्या कडीला टांगलेली, दर्शनाला येणारा प्रत्येक जण वाजवतो ती घंटा वेगळी. घंटाघर म्हणजे खास घंटेसाठी उभारलेलं बांधकाम. त्याला तीन कामं करावी लागतात: घंटेचं वजन पेलायचं, ठोक्यामागून येणारा हादरा पोटात घ्यायचा आणि आवाज लांबवर सोडायचा. म्हणून ते उंच असतं, चारी बाजूंनी किंवा निदान दोन बाजूंनी कमानींनी मोकळं असतं आणि त्याचे खांब दिसायला नाजूक असले तरी वरची तुळई चांगली दणकट असते.

गोंधळ होतो तो हिंदीमुळे. तिकडे चौकातल्या घड्याळाच्या टॉवरलाही घंटाघर म्हणतात. तेही अगदी चूक नाही, कारण अशा टॉवरमध्ये तास सांगायला घंटाच असते. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर 1878 मध्ये पूर्ण झाला, सुमारे 85 मीटर उंच आहे आणि घड्याळाबरोबर त्यात घंटांचा संचही आहे. पिसाचा कलता मनोराही मुळात शेजारच्या चर्चचं घंटाघर, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. या पानावर आपण देवळाचं, चर्चचं आणि घड्याळाचं अशी तिन्ही घंटाघरं धरली आहेत.

2. नारोशंकराची घंटा म्हणतात ती कोणती? तिच्यात एवढं विशेष काय?

पंचवटीत गोदावरीच्या काठावर रामेश्वराचं देऊळ आहे. ते 1747 मध्ये नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधलं, म्हणून महादेवाच्या आधी सरदाराचंच नाव तोंडी बसलं. हे पेशव्यांचे सरदार. मालेगावचा भुईकोट त्यांचाच आणि काही वर्षं झाशीची सुभेदारीही त्यांच्याकडे होती. देवळाला त्या काळी 18 लाख रुपये लागले असं सांगतात. भोवती दगडी तट, तटाच्या कोपऱ्यांवर मेघडंबऱ्या, म्हणजे छोट्या दगडी छत्र्या. चारांपैकी आता तीनच दिसतात. आणि तटावर घंटेचं घर.

घंटा देवळाहून जुनी आहे. तिच्यावर 1721 हा आकडा आहे, तोही देवनागरीत नव्हे, युरोपीय अंकांत. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली. त्या विजयानंतर तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात ठिकठिकाणी देवांपुढे आल्या. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे आणि नाशकात ही.

माझ्या दृष्टीने विशेष आहे ते पुढचं. जिंकून आणलेली वस्तू कोठीत ठेवता आली असती किंवा वितळवून तोफ ओतता आली असती. कांसं म्हणजे त्या काळी तोफेचाच माल. इथे तसं झालं नाही. तिच्यासाठी तटावर घर बांधलं, तिला नदीवर उघडं ठेवलं आणि तिचं काम तेच राहू दिलं: वाजणं. चर्चची घंटा महादेवाच्या दारी वाजू लागली आणि पिढ्यान्‌पिढ्या वाजत राहिली. म्हणून नुसती घंटा किंवा नुसता मनोरा असं वेगवेगळं जपून भागत नाही. वारसा म्हणायचा तो दोन्ही मिळून, आवाजासकट.

3. एखादी घंटा पोर्तुगीज आहे की आपल्याकडची, हे साध्या माणसाला ओळखता येतं का?

बरंच ओळखता येतं. खालून वर पाहा. युरोपीय घंटेचा ओठ बाहेर पसरलेला असतो आणि तिथे धातू सगळ्यात जाड असतो, कारण लोळा, म्हणजे आत लोंबणारा ठोका देणारा दांडा, तिथेच आपटतो. अंगावर आडव्या रेघांचे पट्टे, क्रूस, लॅटिन अक्षरं, सन. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू स्पष्ट दिसतात. डोक्यावर एकच कडी नसते, एकाशेजारी एक असे ओतीव कान असतात, म्हणजे घंटा लाकडाला आवळून बांधता येते. आपल्याकडच्या जुन्या घंटांना बहुधा एक मोठी कडी असते आणि त्यावर कधी नंदी, कधी गरुड-हनुमान.

ओळखायच्या नादात खडू, कोळसा घासून अक्षरं उठवू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात किंवा बाजूने मोबाइलचा टॉर्च धरून फोटो घेतला की झिजलेली अक्षरंही वाचता येतात.

4. "संरक्षित वास्तू" म्हणजे काय? पुरातत्त्व खात्याचा निळा फलक असला म्हणजेच संरक्षित का?

संरक्षण तीन पातळ्यांवर असतं. लोक तिन्हींना सरसकट "पुरातत्त्वचं" म्हणतात आणि मग चुकीच्या कार्यालयात चकरा मारतात.

पहिली पातळी केंद्राची. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, 1958 चा कायदा. आपल्या जिल्ह्यात पांडवलेणी, त्र्यंबकेश्वराचं मंदिर, सिन्नरचा गोंदेश्वर ही या यादीतली. वसईचा किल्लाही केंद्र संरक्षित आहे.

दुसरी राज्याची. महाराष्ट्राचा 1960 चा कायदा आणि राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय. नाशकातला सरकारवाडा आणि सुंदरनारायण मंदिर राज्य संरक्षित आहेत.

तिसरी पातळी शहराची. नगररचनेच्या नियमांत वारसा यादी करायची सोय आहे आणि वास्तूंना श्रेणी 1, 2, 3 अशी प्रतवारी देतात. पहिल्या श्रेणीत फारसा हात लावता येत नाही, तिसऱ्या श्रेणीत बाहेरचं रूप सांभाळून आत बरेच बदल करता येतात. मुंबईत असे नियम 1995 मध्ये आले आणि देशात ते पहिले होते. घंटाघरांसारख्या लहान बांधकामांना खरा आधार या तिसऱ्या पातळीचा मिळू शकतो, कारण वरच्या दोन याद्यांत जागा मिळणं फार कठीण.

5. शंभर वर्षं झाली की वास्तू आपोआप संरक्षित होते ना?

नाही. हा सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे. केंद्राच्या कायद्यात शंभर वर्षं ही पात्रता आहे. अमुक वास्तू संरक्षित करायचा विचार आहे अशी अधिसूचना निघते, हरकतींसाठी दोन महिने मिळतात आणि मग राजपत्रात अंतिम घोषणा होते. ती झाली नाही तर तीनशे वर्षांचा मनोराही कायद्याच्या नजरेत साधं बांधकामच. उलट शहराच्या वारसा यादीत शंभर वर्षांहून तरुण इमारतही येऊ शकते.

सुटी पडलेली वस्तू मात्र वेगळी. तिचं उत्तर प्रश्न 12 मध्ये आहे.

6. आमच्या गावातलं घंटाघर कुठल्या यादीत आहे, हे कसं शोधायचं?

आधी जागेचा सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा काढा, मालक कोण ते कळेल. देवस्थान ट्रस्ट असेल तर धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट 1 चा उतारा घ्या. त्यात स्थावर आणि जंगम मालमत्तेची नोंद असते आणि पुष्कळदा "पितळी घंटा, मोठी, 1" एवढीच ओळ सापडते. तेवढीही उद्या पुरावा म्हणून उपयोगी पडते.

मग राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिक कार्यालयात आणि महापालिका किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर ठेवा. "अमुक सर्व्हे नंबरवरील घंटाघर कोणत्याही वारसा यादीत समाविष्ट आहे का, असल्यास श्रेणी व अधिसूचनेची प्रत" एवढं पुरे. लांबलचक इतिहास लिहिलेले अर्ज परत येतात.

7. संरक्षित झालं की पूजाअर्चा बंद होते, घंटा वाजवता येत नाही, असं म्हणतात. खरं का?

खरं नाही. त्र्यंबकेश्वर केंद्र संरक्षित आहे आणि तिथली त्रिकाळ पूजा सुरूच आहे. कायदा म्हणतो की पूजास्थानाचा वापर त्याच्या स्वरूपाला विसंगत होता कामा नये. चालत आलेली पूजा विसंगत ठरत नाही. बंधन येतं ते नव्या बांधकामावर, रंगरंगोटीवर, फरश्या बदलण्यावर, खिळे ठोकण्यावर.

या भीतीपोटीच अनेक विश्वस्त यादीचं नाव काढलं की अंग चोरतात. त्यांची काळजी मला समजते. दिवा लावायलासुद्धा कोणाची परवानगी लागेल असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं. पण घंटाघराच्या बाबतीत वाजवणं हा स्वरूपाचाच भाग आहे. स्पेनमध्ये हाताने घंटा वाजवण्याच्या परंपरेला युनेस्कोने 2022 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिथे वाजवणाऱ्याचं कसबच वारसा मानलं गेलं. आपल्याकडे तो विचार रुजायला हवा असं मला मनापासून वाटतं.

8. आमचं घर जुन्या वास्तूला लागून आहे. शंभर मीटरचा नियम आम्हाला लागतो का?

शेजारची वास्तू केंद्र संरक्षित असेल तर लागतो. 2010 च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र: नवं बांधकाम नाही, आहे त्याची दुरुस्ती परवानगी घेऊन. त्यापुढचे 200 मीटर नियमन क्षेत्र: बांधता येतं, पण राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो. मोजणी देवळाच्या भिंतीपासून नव्हे, अधिसूचित हद्दीपासून होते. यावरून पुष्कळ भांडणं होतात.

वास्तू राज्य संरक्षित असेल किंवा फक्त शहराच्या यादीत असेल तर हे अंतर जसंच्या तसं लावू नका. म्हणून आधी प्रश्न 4 आणि 6.

9. घंटाघर आमच्याच मालकीचं आहे, कुठल्याही यादीत नाही. गवंडी म्हणतो सिमेंटने पक्कं करून देतो. करू का?

करू नका, असंच सांगेन. कारण नीट लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच चांगल्या हेतूने होतं.

आपल्याकडची जुनी बांधकामं काळ्या दगडाची आणि चुन्याची. कळीचा चुना विझवून, वाळू आणि सुर्खी (विटांची भुकटी) घालून चुन्याच्या घाण्यात बैलांनी मळायचा, त्यात गूळ, मेथी, बेलफळाचं पाणी जायचं. हा चुना दगडापेक्षा मऊ असतो आणि श्वास घेतो. पावसात भिंत पाणी पिते, उन्हात दर्जांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमधून, ते सोडून देते. घंटा वाजते तेव्हा हादराही चुना किंचित दबून सोसतो.

सिमेंट दगडासारखंच ताठ. दर्जा सिमेंटने भरल्या की पाण्याला वाट उरत नाही. ते दगडातून बाहेर पडू लागतं, क्षार वर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. निफाडकडच्या एका गावात मी एक लहान घंटाघर पाहिलं. चार खांब, वर घुमटी, माणसाच्या दीडपट उंची. गावकऱ्यांनी वर्गणी काढून दर्जा सिमेंटने भरल्या होत्या आणि वर तैलरंगाचे दोन हात दिले होते, भगवा आणि पिवळा. पाच-सहा पावसाळ्यांनंतर मी खांबावर हात फिरवला तर रंगाचा पापुद्रा हातात आला आणि त्याच्या पाठीला दगडाची पातळ खपली चिकटलेली. सिमेंटची रेघ मात्र जशीच्या तशी, दगडाच्याही पुढे आलेली. शेजारी उभे असलेले आजोबा म्हणाले, "पैसे घालून आजारी पाडलं का हो आम्ही?" त्यांना काय सांगावं ते मला सुचलं नाही.

मग करायचं काय? सैल दर्जा हाताने, बारीक छिन्नीने मोकळ्या करा, यंत्राने नको. भरायला चुनाच वापरा. तयार विझवलेला चुना मिळतो आणि जिल्ह्यात चुन्याचं काम जाणणारे गवंडी अजून आहेत. काम पावसाळ्यानंतर काढा आणि भरलेला चुना काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. दगड जोडायला आत लोखंडी पट्ट्या असतील आणि त्या गंजून फुगल्या असतील तर तिथे जाणकार वास्तुविशारदाला बोलवाच, कारण फुगलेलं लोखंड दगड आतून फोडतं. पिंपळाचं रोप दिसलं तर उपटू नका. मूळ दगड घेऊनच बाहेर येतं. बुंध्याशी कापून मूळ हळूहळू मारावं लागतं. रंग लावू नका. वाळूच्या फवाऱ्याने तर दगड कधीच साफ करू नका.

10. घंटेचा आवाज बद्द येतो. तडा गेला असेल तर वेल्डिंग करून चालेल का?

कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे नेऊ नका. घंटेचं कांसं म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. एवढ्या कथिलामुळेच नाद लांबतो आणि त्यामुळेच धातू ठिसूळ होतो. एका जागी एकदम उष्णता दिली की तडा पुढे पळतो. भेगाळलेल्या घंटा जोडण्याचं तंत्र आहे, पण त्यात अख्खी घंटा सावकाश तापवतात आणि सावकाश निववतात. ते खास कारखान्याचं काम.

बद्द आवाजाचं कारण दर वेळी तडाच असतो असंही नाही. आधी हे पाहा: घंटा कुठे भिंतीला किंवा तुळईला टेकली आहे का? वरची पकड सैल झाली आहे का? लोळा बदलला आहे का? जुना लोळा झिजला म्हणून कुणीतरी कठीण पोलादाचा बसवतो आणि तो घंटेला खातो. लोळा घंटेपेक्षा मऊ असायला हवा, म्हणजे झीज लोळ्याची होते, घंटेची नाही.

वर्षानुवर्षं एकाच जागी ठोके बसून ओठाला आतून खळगा पडतो. बोट फिरवलं की तो लागतो, वाटीच्या तळासारखा गुळगुळीत. खळगा खोल असेल तर घंटा उतरवून थोडी फिरवून पुन्हा टांगतात, म्हणजे ठोका नव्या जागी पडतो. जुना, साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

वाजवण्याचीही रीत आहे. दोरी ओढून लोळा घंटेला दाबून धरायचा नाही. ठोका दिला की सोडायचा. दाबून धरलेल्या ठोक्याने धातूला मोकळं थरथरता येत नाही आणि तडे बहुधा अशानेच जातात. मुलांना हे एकदा दाखवलं की ती नीट वाजवतात.

घासूनपुसून लखलखीत करायची हौस असेल तर ती घरातल्या समईवर भागवा. जुन्या घंटेवरचा हिरवट-तपकिरी थर तिचं कवच आहे. चिंच, राख, बाजारातली पावडर यांनी तो जातो आणि त्याबरोबर अक्षरंही जातात.

11. रात्री घंटा वाजवली तर ध्वनिप्रदूषणात येते का? आणि विजेवर चालणारं यंत्र बसवलं तर?

2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे रात्री 10 ते सकाळी 6. या वेळात बंदिस्त जागा सोडून ध्वनिक्षेपकच नव्हे, आवाज करणाऱ्या साधनांवरही बंधन आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र असू शकतं. गाभाऱ्यात काकड आरतीला हातघंटा वाजते त्यावरून कोणी तंटा करत नाही. उंचावरची मोठी घंटा मात्र पहाटे सहानंतरच वाजवावी, शेजाऱ्यांशीही गोडी राहते.

नगारा-घंटा एकत्र वाजवणारं मोटरचं यंत्र जुन्या घंटाघरात बसवू नका. त्याचा ठोका एकसारखा आणि कडक असतो, बोल्ट दगडात जातात आणि सततचा बारीक हादरा चुन्याला सोसत नाही.

12. जुनी घंटा चोरीला गेली, किंवा कुणी विकायला काढली आहे. काय करावं?

शंभर वर्षांहून जुनी घंटा 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावस्तू ठरते. ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. "अँटिक पीस, घ्यायची का?" असा निरोप आला तर व्यवहारात पडू नका. फोटो आणि निरोप जपून ठेवा आणि पोलिसांना कळवा.

चोरी झाली तर पहिली अडचण येते ती ओळख पटवण्याची. मोजमाप नसतं, फोटोत घंटेपुढे उभी राहिलेली पाहुणे मंडळी असतात आणि घंटा अर्धी. म्हणून आजच तिची उंची, ओठाचा घेर, अक्षरं, खरचटे, तडे, सगळं टिपून चारी बाजूंचे फोटो काढून ठेवा. एक प्रत ट्रस्टच्या दप्तरात, एक बाहेर कोणाकडे तरी.

जमिनीत खणताना सापडली असेल तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

13. नव्या सभागृहात लावायला जुनी घंटा खाली काढली तर काय बिघडलं?

वास्तू संरक्षित असेल तर परवानगीशिवाय काढताच येणार नाही. नसेल तरी थांबून विचार करा. काढलेल्या घंटेचं घर ओस पडतं, ओस पडलेल्या घराकडे कोणी पाहत नाही आणि मग त्याचे दगड निघतात.

कधी कधी हलवावीच लागते, हेही खरं. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चची घंटा आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि 1871 मध्ये पणजीच्या चर्चमध्ये आली. ती आजही वाजते. मागे राहिलेल्या मनोऱ्याचा मोठा भाग पुढे कोसळला, उरलेला उभा आहे. घंटा हलवली म्हणून वाचली आणि ती कुठून आली हे सगळ्यांना माहीत आहे. हलवणं अटळ असेल तर निदान एवढं तरी व्हावं: मूळ जागी आणि नव्या जागी, दोन्हीकडे नोंद.

14. मग नारोशंकराची घंटा वसईला परत द्यायला नको का?

हा प्रश्न वसईकडच्या मित्रांनी विचारला आहे, तोही आपल्याच मराठीत, आणि तो रागाने विचारलेला नाही. वसईच्या किल्ल्यात चर्चचे मनोरे आजही उभे आहेत, घंटा नाहीत. तिथे उभं राहिलं की हा प्रश्न कुणालाही पडेल.

माझं मत असं: ही घंटा नाशकात पावणेतीनशेहून अधिक वर्षं आहे, वसईत ती असेल तर फार तर अठरा. तिचं घर, तिचे पूर, तिच्या नावाने ओळखलं जाणारं देऊळ, सगळं इथलं. तिला काढणं म्हणजे दुसऱ्यांदा उपटणं. पण तिची पूर्ण गोष्ट सांगणं ही आपली जबाबदारी आहे. विजयाची खूण म्हणून ती इथे आली, तशीच ती कुणाच्या तरी प्रार्थनेची हाक होती. फेरीत आम्ही दोन्ही सांगतो. वसईहून आलेल्या एका काकूंनी खाली उभं राहून छातीवर क्रूस केला, मग चपला काढून आत जाऊन महादेवाला हात जोडले. त्या दिवशी मला आणखी काही सांगावं लागलं नाही.

15. गंगेला (म्हणजे आपल्या गोदावरीला) पूर आला की घंटाघराला धोका असतो का? पुरानंतर काय करावं?

नाशिककर पूर फुटांत मोजत नाहीत. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी आपली मोजणी. आणि पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत चढलं की तो महापूर, ही त्यापुढची जुनी खूण. 2008, 2016 आणि 2019 चे पूर अनेकांनी होळकर पुलावरून पाहिले आहेत.

दगडी तट पुराला सहसा दाद देत नाही. खरा धोका पाणी ओसरताना असतो. पायाखालची माती वाहून गेलेली असते आणि भिंत आतून भिजून जड झालेली असते. गाळ ओला असतानाच मऊ झाडूने आणि साध्या पाण्याने काढा, वाळला की तो दर्जांमध्ये बसतो. जोराचा फवारा नको. भिंत पूर्ण सुकेपर्यंत गिलावा, रंग काहीही नको, त्याला महिने लागू शकतात. नव्या भेगा दिसल्या तर त्यांच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. महिन्याने भेग खुणेच्या पुढे गेली तर जाणकाराला बोलवा.

आणि गाळ धुण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ मोजून लिहून ठेवा. पुढच्या माणसाला तिचा उपयोग होतो.

16. मनोरा पडलाच, तर पुन्हा बांधलेल्याला वारसा म्हणायचं का?

व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातलं घंटाघर 14 जुलै 1902 रोजी कोसळलं. लोकांनी ठरवलं: जसं होतं तसं, जिथे होतं तिथे. 1912 मध्ये ते पुन्हा उभं राहिलं आणि आज त्याला कोणी खोटं म्हणत नाही. आपल्या सुंदरनारायणाच्या कामातही झिजलेले दगड उतरवून, क्रमांक टाकून, नवे घडवून बसवण्याची रीत वापरली गेली.

अट एकच. पडण्याआधीची मोजमापं आणि फोटो हवेत, म्हणजे बांधणारा आठवणीवर विसंबणार नाही. पडलेले दगड भरावात टाकू नका. एका बाजूला रचून ठेवा.

17. फोटो, ड्रोन?

संरक्षित वास्तूत ड्रोनला आधी लेखी परवानगी लागते. शूटिंगलाही. हौसेच्या फोटोला बहुतेक ठिकाणी अडचण नसते, गाभारा सोडून.

18. सिंहस्थाच्या कामांत घाटावरच्या जुन्या वास्तूंना धक्का बसेल अशी भीती वाटते. आम्ही काय करू शकतो?

भीती रास्त आहे. 2027 च्या सिंहस्थासाठी घाटावर कामं होणारच आणि लाखो भाविकांसाठी ती व्हायलाही हवीत. खोदाईचं यंत्र तटाजवळ आलं, जुन्या पायऱ्यांचे दगड निघाले किंवा भिंतीवर लोखंडी चौकट ठोकलेली दिसली तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा आणि महापालिका व राज्य पुरातत्त्व विभाग दोघांनाही लेखी कळवा, पोच घ्या. साइटवरच्या मजुराशी भांडू नका, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मुकादमाला शांतपणे दाखवलं की निम्म्या वेळा काम तिथल्या तिथे सरकतं, हा आमचा अनुभव आहे.

19. आमच्या जुन्या शाळेत घंटा नाही, रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला आहे. तोही वारसा का?

हा प्रश्न इगतपुरीकडच्या एका शिक्षकांनी पाठवला. कायद्याच्या यादीत तो येणार नाही. पण शाळा भरल्याची खूण गावाला इतकी वर्षं त्यानेच दिली, तेव्हा माझं उत्तर हो.

तुकड्याचं वजन, लांबी, तो कोणत्या झाडाला किंवा तुळईला टांगला आहे, कशाने वाजवतात हे लिहून ठेवा. शाळा भरताना किती टोले, सुटताना किती, मधल्या सुट्टीला कसे, हे जुन्या शिपाईकाकांना विचारा. मोबाइलवर तो आवाज धरा, पहिल्या टोल्यापासून नाद विरेपर्यंत, मध्ये कोणी बोलू नका. त्या सरांनी आम्हाला पाठवलेल्या ध्वनिफितीत शेवटच्या टोल्यानंतर धावणाऱ्या पोरांची पावलं ऐकू येतात. ती कापू नका असं आम्ही कळवलं आहे.